इंजिन किती सोसेल

“मग किती चालेल, अक्का?” अभिनंदननं दुसऱ्यांदा विचारलं.

वेणूअक्का लोहार इंजिनच्या ब्लॉकवर वाकल्या होत्या. सिलिंडरमध्ये दोन बोटं घालून आतली भिंत चाचपत होत्या. डोळे मिटलेले होते.



गडहिंग्लजच्या त्या शेडमध्ये चाळीस वर्षं त्या हेच काम करत आल्या होत्या: झिजलेलं सिलिंडर आतून कातून पुन्हा गोल करायचं, म्हणजे बोअर करायचं. नवरा मशीनवर उभा असतानाच छातीत कळ येऊन गेला, तेव्हा त्यांचं वय एकतीस. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेडचं दार उघडून त्याचं अर्धं राहिलेलं सिलिंडर पुरं केलं. लोकांनी चार दिवस नावं ठेवली. मग आपापली इंजिनं घेऊन तेच लोक दारात उभे राहिले.

अभिनंदन मगदूम त्यांच्याकडं चार वर्षं शिकला. हुशार होता, हात सफाईदार होता. पुढं पुण्याला जाऊन तो लॅपटॉपवरून इंजिन कसं जुळवायचं ते शिकला आणि परत येऊन निपाणी रस्त्याला त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. साध्या गाडीला टर्बो बसवावा तर मगदूमनंच, असं कोल्हापूर-सांगलीकडची पोरं म्हणू लागली. बेळगावच्या एका शर्यतीत त्यानं तयार केलेली गाडी पहिली आली. त्याचे व्हिडिओ लोक बघायचे. गिऱ्हाइकाच्या गाडीलासुद्धा तो बोलता बोलता ‘माझी गाडी’ म्हणायचा.

टर्बो म्हणजे गाडीच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, तिच्याबरोबर जादा पेट्रोल, आणि मग जादा ताकद. हवा किती दाबानं कोंबायची, त्या दाबाला बूस्ट म्हणतात. साधं इंजिन कंपनीतून बाहेर पडतं तेव्हा असली हवा त्याच्या नशिबी येईल असं कुणी धरलेलं नसतं. त्यामुळं आतलं काही न बदलता टर्बो बसवला, तर सारा खेळ एका आकड्यावर येतो.

तो आकडा विचारायलाच अभिनंदन आला होता. खरं म्हणजे विचारायला नव्हेच. त्यानं आकडा ठरवून टाकला होता. अक्कांनी मान डोलवावी, एवढंच त्याला हवं होतं.

“पॉइंट आठ ठेवलाय,” तो म्हणाला. “तीन महिने चालवतोय. काही झालं नाही.”

अक्कांनी बोटं बाहेर काढली, फडक्याला पुसली.

“गाडी कुणाची?”

“बाराशे सीसीची आहे. चार सिलिंडर. पिस्टन, रॉड, सगळं कंपनीचंच…”

“इंजिनाचं न्हाई विचारलं.”

तेव्हा त्यानं सांगितलं. गाडी डॉक्टर हेमलता तोडकर यांची होती. आजऱ्याच्या पलीकडं, जंगलाच्या खोलगट भागात एका वाडीवर त्यांचा दवाखाना होता. तिथून वर यायचं तर नऊ वळणांचा चढ. दुसरी गाडी मागवली तरी खाली पोचायला तास जातो, म्हणून अडलेली बाई असो की साप चावलेला माणूस असो, डॉक्टर पेशंटला आपल्याच गाडीत घालून निघायच्या. मागं पेशंट आणि माणसं बसली की त्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चालायची. मागच्या पावसाळ्यात एका बाईचं बाळ आठव्या वळणावर गाडीतच झालं. ते जगलं. पण डॉक्टरांनी त्याच आठवड्यात अभिनंदनचं गॅरेज गाठलं.

गाडी उद्या द्यायची होती. तोवर डॉक्टर कुणाकुणाच्या गाड्या मागून भागवत होत्या.

अक्कांनी विचारलं, की तीन महिने चालवली ती कुठं, कधी आणि कोण कोण बसून. अभिनंदननं सांगितलं, की हायवेला, पहाटे, रस्ता मोकळा असतो तेव्हा. एकटाच. पेट्रोल भारीतलं.

“एसी?”

“पहाटे गारच असतं, अक्का.”

अक्कांनी पुन्हा सिलिंडरमध्ये बोटं घातली. शेडच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं. चैत्र संपत आला होता.

अभिनंदनला संकेश्वरचं इंजिन आठवलं. त्याच्या हातचं होतं ते. आठ महिन्यांपूर्वी एका पोराला त्यानं असाच टर्बो बसवून दिला आणि पंधरा दिवसांत पिस्टन फुटला. पेट्रोल खराब होतं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. पोरानंही ते मानलं. अक्कांपर्यंत ही गोष्ट गेली होती का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“उद्या मी येते,” अक्का म्हणाल्या. “दुपारी. डॉक्टरीणबाईंना सांग, त्यांनीच चालवायची.”

“दुपारी कशाला? सकाळी लवकर निघू की. तुम्हाला ऊन…”

“पेशंट काय वेळ बघून आजारी पडत्यात व्हय?”

दुसऱ्या दिवशी अकराला तो गाडी घेऊन शेडवर आला. धुऊन पुसून चकाचक केली होती. अक्कांनी आधी टाकीतलं पेट्रोल काढायला लावलं. त्याला ते पटलं नाही, पण चार वर्षांची सवय होती. पंपापर्यंत पुरेल एवढं ठेवून बाकीचं भारीतलं पेट्रोल त्यानं नळी लावून डब्यात काढलं. वाटेत डॉक्टर ज्या पंपावर थांबायच्या, तिथंच साधं भरून घ्यायचं ठरलं.

मग अक्कांनी शेडच्या कोपऱ्यातले दोन भंगार गिअरबॉक्स दाखवले आणि डिकीत ठेवायला सांगितले.

“हे कशाला?”

“पेशंटसंगट माणसं येत्यात की.”

अभिनंदन हसला. गिअरबॉक्स उचलताना मात्र त्याच्या कमरेत लचक भरली आणि हसू विरलं.

दीडच्या सुमाराला ते दवाखान्यावर पोचले. डॉक्टर तोडकर शेवटचा पेशंट तपासून बाहेर आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई. त्यांनी अक्कांना वाकून नमस्कार केला, पाणी दिलं, आणि किल्ली हातात घेतल्यावर बोनेट उघडून नवीन काय काय बसलंय ते नीट बघून घेतलं. अभिनंदननं समजावून सांगितलं. त्याचा आवाज खुलला होता. आता हा चढ तिसऱ्यातच काय, चौथ्यातसुद्धा निघेल, असं तो म्हणाला.

तो लॅपटॉप मांडीवर घेऊन पुढं डावीकडं बसला. वायर इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडली.

अक्कांनी मागचं दार उघडलं. चपला काढल्या, पायाशी ठेवल्या. आणि सीटवर आडव्या झाल्या.

“अक्का, बरं वाटत न्हाई काय?”

“बरं हाय. मी पेशंट.”

त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला.

डॉक्टरांनी आरशातून मागं पाहिलं. त्या हसल्या नाहीत. एसी लावला, सीटबेल्ट ओढला आणि गाडी काढली.

वाडीच्या बाहेरचा सपाट रस्ता गाडीनं असा काही ओढला की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं. अभिनंदननं ते पाहिलं. पडद्यावर आकडा पॉइंट आठला जाऊन थांबला होता, खिळा ठोकल्यासारखा. त्याला वाटलं, अक्कांनी पदर बाजूला करून एकदा बघायला हवं होतं.

पहिलं वळण आलं, गेलं. दुसरं गेलं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती.

चौथ्या वळणाला त्याची नजर दुसऱ्या एका आकड्यावर गेली. इंजिनात जाणारी हवा तापत होती. पहाटे हायवेला हा आकडा पस्तीस अंशांच्या वर कधी गेला नव्हता. आता तो पंचावन्नला होता. हवा थंड करणारी जाळी पुढं बसवली होती खरी, पण चढावर गाडीचा वेग कमी, जाळीतून जायला वारा कुठला? बाहेर ऊन, आत एसी, मागं वजन.

साठ.

पाचव्या वळणावर त्याला आवाज आला. अगदी बारीक. पत्र्याच्या डब्यात दोन खडे हलावेत तसा. गाडीत दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता. पेट्रोल आपल्या वेळेआधी पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो, त्याचा तो आवाज. हा आवाज ओळखायला त्याला ह्याच मागं झोपलेल्या बाईनं शिकवलं होतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “पाय जरा हलका करा.”

डॉक्टर समोर बघत होत्या.

“मागं पेशंट आहे.”

“हो, पण थोडासाच. पुढच्या वळणापर्यंत.”

“मागं पेशंट असताना मी पाय काढत नाही.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रक्तदाब सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं.

अभिनंदननं मान वळवून मागं पाहिलं. पदराखाली अक्कांची छाती संथ वर-खाली होत होती. झोप लागल्यासारखी.

त्याला एकदम आठवलं, की तो स्वतः हायवेला चालवताना कितीदा पाय काढायचा. समोर ट्रक आला की. काटा चढला की. नुसतं मनाला वाटलं तरी. तीन महिने काही झालं नव्हतं ते पॉइंट आठमुळं नव्हे. त्याच्या पायामुळं…

सहाव्या वळणाला खडे दोनाचे चार झाले.

सातव्याला त्यानं वाकून खाली पाहिलं. डॉक्टरांचा पाय जिथं होता तिथंच होता. आठवं वळण समोर दिसत होतं.

“थांबवा,” तो म्हणाला. “मॅडम, गाडी थांबवा.”

डॉक्टरांनी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. त्या किल्लीकडं हात नेणार तोच त्यानं अडवलं. टर्बो तापलेला असताना इंजिन एकदम बंद करत नाहीत. त्यानं ते चालू ठेवलं, एसी बंद केला, खाली उतरून बोनेट उघडलं आणि तिथंच रस्त्याकडेच्या दगडावर बसला.

जंगलात कुठंतरी सुतारपक्षी ठोकत होता. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. काही फुटलं नव्हतं.

अक्का उठून बसल्या, चपला घातल्या आणि त्याच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर लांब, कठड्याशी गेल्या आणि दरीकडं बघत पाणी पिऊ लागल्या.



“अक्का,” तो खाली बघून म्हणाला, “संकेश्वरचं इंजिन पेट्रोलनं गेलं नव्हतं.”

“ठाव हाय मला.”

त्यानं वर पाहिलं.

“ब्लॉक माझ्याकडंच आला हुता,” अक्का म्हणाल्या. “मीच बोअर केला.”

“मग बोलला का न्हाई?”

“तू आलास कुठं?”

अभिनंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उन्हानं आलं असावं असं दाखवत त्यानं बाहीनं तोंड पुसलं. त्याच्या डोळ्यांपुढं आठवं वळण होतं आणि त्या वळणावर बंद पडलेली गाडी. मागं कुणीतरी आडवं पडलेलं. पुढं ह्या बारीक बाई, एकदा किल्ली फिरवून बघताहेत, दुसऱ्यांदा फिरवून बघताहेत. आणि तो स्वतः निपाणी रस्त्याला कुणालातरी सांगतोय, की पेट्रोल खराब होतं.

पाच-सात मिनिटांनी तो उठला. लॅपटॉप बोनेटच्या कडेवर ठेवला. बूस्ट वाढवणारी यंत्रणा त्यानं पुरी बंद केली. आता टर्बोच्या झडपेची साधी स्प्रिंग जेवढा दाब धरेल तेवढाच मिळणार होता. पॉइंट चार. पेट्रोल थोडं वाढवलं, ठिणगी थोडी उशिरा पडेल असं केलं. हे सारं करायला त्याला किती थोडा वेळ लागला, ह्याचीच त्याला लाज वाटली.

अक्कांनी त्यातलं काही पाहिलं नाही. त्या करवंदाच्या जाळीत काही पिकलंय का ते शोधत होत्या.

डॉक्टरांना त्यानं सरळ सांगितलं. मी आकडा माझ्यासाठी ठरवला होता, तुमच्यासाठी नाही. आता अर्धा केलाय. गाडी मघासारखी ओढणार नाही.

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, की आता पाय काढावा लागेल का.

“बघू,” तो म्हणाला. “खालून परत चढू. काढू नका.”

ते खाली गेले. वाडीपर्यंत. वळले. अक्का पुन्हा आडव्या झाल्या, ह्या खेपेला पदर तोंडावर न घेता. एसी लावला. तीन वाजून गेले होते, ऊन तसंच होतं. सपाटीवर गाडी मघासारखी उसळली नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ह्या खेपेला हसू आलं नाही, हेही त्यानं पाहिलं, आणि आत कुठंतरी त्याला थोडं लागलं.

पाचवं वळण. त्यानं लॅपटॉप मिटला आणि कान दिला.

सहावं. सातवं. हवा तापत होती, ती तापणारच होती. पण खडे वाजले नाहीत. आठव्या वळणावर गाडी तिसऱ्या गिअरमध्येच वर आली. सावकाश, पण कुठं न अडखळता. डॉक्टरांचा पाय सुरुवातीपासून तळाला होता.

नववं वळण संपलं आणि माळ लागला.

“पूर्वी इथं यायला मला दुसरा गिअर आणि देवाचं नाव लागायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “एवढं पुष्कळ आहे.”

त्यांनी दोघांना आजऱ्याच्या स्टँडवर सोडलं. गाडी त्यांच्याकडंच राहिली. गिअरबॉक्स डिकीतच राहून गेल्याचं गाडी वळल्यावर अभिनंदनच्या ध्यानात आलं. तो हाक मारायला निघाला तर अक्कांनी नको म्हणून खूण केली. पुढच्या खेपेला येतील की, म्हणाल्या.

गडहिंग्लजच्या एसटीला वेळ होता. स्टँडच्या बाकावर दोघं टेकले. अभिनंदननं चहा आणला. अक्कांनी बशीत ओतून फुंकर मारत घेतला. कलत्या उन्हात स्टँडवर माणसं तुरळक होती. एक कंडक्टर खांबाला पाठ लावून पेपर वाचत होता.

अभिनंदननं सांगितलं, की तो उद्याच संकेश्वरला जाणार आहे, त्या पोराकडं. काय झालं होतं ते सांगणार आहे, आणि इंजिनाला आलेला खर्च भरून देणार आहे. अक्कांनी ऐकून घेतलं. बशी पालथी करून कपाखाली ठेवली.

एसटी लागली नव्हती. तो पुन्हा आकड्यांकडं वळला. मन तिथंच घोटाळत होतं.

“अक्का, एक सांगू?”

“सांग.”

“पॉइंट पाच घेतलं असतं डॉक्टरांच्या इंजिनानं. आज, ह्या उन्हात, वजन घेऊन, पाय तळाला ठेवूनसुद्धा. मला आवाजावरून कळत होतं. अजून थोडी ताकद त्याच्यात होती.”

“हुती की.”

“पाच तरी नक्की.”

“घेतलं असतं.”

“मग? सोडून कशाला द्यायची ती?”

अक्कांनी रस्त्याकडं, एसटी येते का ते पाहिलं.

“राहू दे अडीनडीला,” त्या म्हणाल्या. “त्याचं त्याच्यापाशी.”